एक आडनाव, अनेक गावे
(मंडळाच्या कोजागरी संमेलनात केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या चाकरीत ज्याच्या अनेक बदल्या झाल्या, त्याने तरी पत्त्याच्या बाबतीत चुकू नये. पण आम्ही चुकलो. आमच्या शेजारची मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेतील जॅक्सन येथे निघाली, तेव्हा आम्ही घरचा नकाशा उघडला, मिसिसिपी राज्यातील जॅक्सनवर बोट ठेवले आणि मोठ्या अधिकारवाणीने सांगितले, "गाव दक्षिणेकडचे आहे, लोकरीचे ओझे कशाला?" मुलगी उतरली ती मिशिगनमधील जॅक्सनला, आणि तीही ऐन जानेवारीत! तिच्या मातोश्रींनी आमच्याशी पुढे पंधरा दिवस अबोला धरला. आजचे भाषण हे त्याच अपराधाचे प्रायश्चित्त समजावे.

जॅक्सन म्हणजे जॅकचा पुत्र. मूळचे हे साधेसुधे आडनाव. आपल्याकडे गाव माणसाला नाव देते. गाव सुटले तरी 'कर' प्रत्यय पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहतो, हे या सभागृहातील निम्म्या मंडळींना सांगावयास नको. अमेरिकेत पुष्कळदा उलटे घडले. माणसाने गावाला नाव दिले, आणि त्यातही अँड्र्यू जॅक्सन या सेनापतीच्या नावाची जेवढी गावे झाली, तेवढी फारच थोड्यांच्या वाट्याला आली. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्याने इंग्रजांचा पराभव केला, आणि नव्या वसाहतींना नाव शोधण्याची जणू गरजच उरली नाही. पुढे १८२९ ते १८३७ तो राष्ट्राध्यक्ष होता.

मिसिसिपीच्या राजधानीची कथा मात्र थोडी थांबून ऐकण्याजोगी आहे. ती भूमी चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीची. १८२० साली डोक्स स्टँड येथे करार होऊन सुमारे ५० लाख एकर जमीन चॉक्टॉंच्या हातून गेली. सरकारच्या वतीने वाटाघाटींस बसलेल्या दोघांपैकी एक होते जनरल जॅक्सन, आणि समोर होता चॉक्टॉंचा नायक पुश्मताहा. हा पुश्मताहा परका नव्हता. आपले योद्धे घेऊन तो जॅक्सन यांच्याच बाजूने लढला होता. बदल्यात देऊ केलेली पश्चिमेकडील जमीन कशी आहे, हे त्याने स्वतः पाहिलेले होते, आणि तिच्या गुणावगुणांवरून त्याने जॅक्सन यांच्याशी वाद घातला. करार झालाच. दुसऱ्याच वर्षी त्या भूमीवर राजधानी वसविण्याचे ठरले आणि तिला नाव मिळाले जॅक्सन. ज्याने जमीन काढून घेतली त्याचेच नाव जमिनीला! पुश्मताहा १८२४ साली वॉशिंग्टन येथे गाऱ्हाणी घेऊन गेला असता तेथेच वारला. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली, आणि त्यानुसार आपली उरलेली भूमी सोडण्याची पाळी प्रथम आली ती याच चॉक्टॉंवर.

इतर गावांचा उल्लेख धावताच करतो. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल हे पूर्वी गुरे नदीपार करण्याचे ठिकाण, म्हणून 'काउफोर्ड'. १८२२ पासून ते जॅक्सनव्हिल झाले. टेनेसीतही एक जॅक्सन आहे. वायोमिंगमधील जॅक्सन मात्र आपल्या सेनापतीचे नव्हे. ते डेव्हिड जॅक्सन नावाच्या, जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या गृहस्थाचे. आणि मिशिगनच्या जॅक्सनची गंमत अशी की, डेमोक्रॅटिक पक्षाच्या या आद्य पुरुषाच्या नावाच्या गावीच ६ जुलै १८५४ रोजी, ओकवृक्षांच्या छायेत, गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे लोक जमले आणि त्यांनी आपल्या पक्षाला रिपब्लिकन हे नाव दिले.

गुलामगिरीचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जॅक्सन १८४५ साली वारले, तेव्हा त्यांच्या मालकीचे दीडशेच्या आसपास गुलाम होते. १८६५ नंतर मुक्त झालेल्यांना कागदोपत्री आडनाव हवे होते. कोणी जुन्या मालकाचे घेतले, कोणी आपल्या आवडीचे निवडले. २०१० च्या जनगणनेत जॅक्सन आडनावाचे सात लाखांहून अधिक लोक निघाले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यात गाणाऱ्या महेलिया जॅक्सन, १९८४ व १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडलेले जेसी जॅक्सन, अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन ही नावे आपणांस ठाऊक असतील. जेसी यांचे जन्माचे आडनाव बर्न्स. जॅक्सन हे सावत्र वडिलांचे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या केतांजी ब्राउन जॅक्सन यांना ते विवाहाने मिळाले. आमच्या मते नाव कोठून आले यापेक्षा ते कोणी कसे वागविले, याचाच हिशेब मोठा.

मिसिसिपीच्या त्या राजधानीत आज दर दहा रहिवाशांपैकी सुमारे आठ कृष्णवर्णीय आहेत. तेथेच १२ जून १९६३ रोजी मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याची त्याच्या घराच्या दारात हत्या झाली. मारेकऱ्याला शिक्षा होण्यास १९९४ साल उजाडले. २००४ मध्ये तेथील विमानतळाला एव्हर्स यांचे नाव जोडण्यात आले. जॅक्सन आणि एव्हर्स आता एकाच पाटीवर शेजारी शेजारी आहेत. अटलांटाच्या विमानतळाच्या नावातही २००३ पासून जॅक्सन आहे, पण ते मेनार्ड. आपली मुले तेथे विमान बदलतात, तेव्हा हा भेद त्यांना अवश्य सांगावा.

शेजारच्या मुलीसाठी दिवाळीचा फराळ परवा रवाना झाला. पुडक्यावरचा पत्ता लिहिण्याचे काम, मोठ्या मनाने, पुन्हा आमच्याकडेच देण्यात आले. 'मिशिगन' हा शब्द आम्ही दोनदा अधोरेखित केला आहे.