पापडाचा चुरा



मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवात साहित्य-संगीतावर बोलणारे अधिकारी वक्ते आपणांस लाभले आहेत. आम्ही मात्र आपले लक्ष पानाच्या डाव्या बाजूकडे वेधणार आहोत. आमचा विषय आहे पापडाचा चुरा.

आमची नोकरी बदलीची. नव्या गावी पहिल्या रात्री खिचडी होई आणि तीवर आमच्या मातोश्री हा चुरा घालीत. पापडांचा डबा त्या इतर सामानात न बांधता हातातील पिशवीतच ठेवीत. परक्या गावातील ते पहिले जेवण त्या चुऱ्याने घरचे होई.

त्यांच्या पश्चात येथे कोलकात्यास आम्ही तो करू गेलो आणि तीन वेळा त्याचा लगदा झाला. दोष आम्ही बंगालच्या दमट हवेस दिला. भाजलेला पापड हवेतील ओलावा शोषून घेतो हे खरेच. परंतु मंडळाच्या एका वयोवृद्ध भगिनींनी आमची खरी चूक दाखविली. पापड, कांदा व मीठ आम्ही एकदमच कालवीत होतो. मिठाने कांद्यास पाणी सुटते आणि ते पापड पितो.

त्यांनी सांगितलेली रीत अशी. चौघांसाठी उडदाचे 4 पापड मंद आचेवर, सतत फिरवीत, डाग न पडू देता भाजावेत. एकावर एक न रचता सुटे ठेवून निववावेत. नाहीतर वाफ आत कोंडते. मग हाताने जाडसर चुरून 1 चमचा कच्चे तेल, अर्धा चमचा तिखट व 2 चमचे भाजलेल्या दाण्यांचे भरड कूट चोळावे. पापडातच मीठ असते, म्हणून वरून घालू नये. बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवावी आणि पाने वाढल्यावरच मिसळावी. खिचडी, वरणभात वा दहीभात, कशावरही हा चुरा शोभतो.

मातोश्रींनी हे लपविले नव्हते. आम्हीच कधी विचारले नाही. ज्यांच्या घरी विचारण्याजोगे कोणी आहे, त्यांनी आज रात्रीच विचारावे आणि मुलांना चुलीपाशी उभे करावे. पापड बाजारात मिळतो. कांदा केव्हा घालावा, हे मात्र घरातीलच कोणी सांगावे लागते.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.