सोनौलीची कमान चालत ओलांडताना



पुढच्या खेपेला सगळ्यांनी मिळून लुंबिनीला जायचं म्हणताय, म्हणून वाटेचं थोडं सांगतो. गोरखपूरहून बसने सोनौली. तिथे बॅग उचलायची आणि कमानीखालून चालत पलीकडे, नेपाळच्या बेलहियात. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवं. आधार कार्डावर विसंबू नका.

काळजी आहे ती परदेशी पासपोर्टवाल्या आपल्या दोस्तांची. त्या गर्दीत कुणी अडवत नाही, म्हणून माणूस सरळ चालत सुटतो. त्यांनी आधी अलीकडे भारतीय इमिग्रेशनचा शिक्का घ्यायचा, मग पलीकडे नेपाळचा व्हिसा. रोख डॉलर जवळ ठेवा. ओसीआय कार्ड असलं तरी हा व्हिसा लागतोच. शिक्का राहिला तर पुढे कटकट. आणि बाकीच्यांनी त्यांच्यासाठी थांबायचं, हं! सहलीत हजेरी झाल्याशिवाय आपली एसटी कधी सुटली होती का?

घड्याळ 15 मिनिटं पुढे करा. आपले 100 रुपये म्हणजे नेपाळी 160, तेव्हा भाडं ठरवताना ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये, हे आधी विचारा. भैरहवा तिथून चारेक किलोमीटर, पुढे लुंबिनीची बस. गुडघेवाल्यांनी हट्ट न करता रिक्षा करावी.