डाव्या हाताचा माणूस : पं. रामभाऊ विजापुरे



अकॉर्डियन आणि आपली पेटी ही चुलत भावंडे. धातूची पातळ पट्टी आणि तिला थरथरवणारी भात्याची हवा, एवढाच दोघांचा जीव. अकॉर्डियन स्कॉटलंडात लोकांच्या नाचात रमले. तिथे खाणकामगाराचा मुलगा जिमी शँड ते वाजवत इतका मोठा झाला की 1999 साली त्याला 'सर' किताब मिळाला. पेटी आपल्याकडे आली, कोलकात्यात तिला हातभाता बसला, आणि नाटक कंपन्यांबरोबर ती गावोगाव हिंडली. शँड वाजवू लागला की माणसे त्याच्यासाठी उठत. आपला पेटीवाला मात्र गवयाच्या डाव्या हाताला बसतो. तिथे उभे आयुष्य बसलेल्या एका माणसाविषयी मला बोलायचे आहे.

रामभाऊंचा जन्म 7 जानेवारी 1917चा, कागवाडचा. मराठीत विजापुरे, कन्नडात बिजापुरे. आपल्या भागात एका माणसाची दोन आडनावे असण्याचे कुणालाच नवल नाही. मिरज तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्यांनी घर केले ते बेळगावात. इथेच विद्यालय चालवले, पिढ्या घडवल्या. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व यांच्यासारख्यांना साथ केली. एकाची तान दुसऱ्यासारखी नाही, एकाचा ठेहराव दुसऱ्याला चालत नाही. साथीदाराला प्रत्येकाचे घर आतून माहीत असावे लागते.

आता त्यांच्या वाट्याला आलेला काळ पाहा. 1 मार्च 1940 रोजी आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. तेव्हा रामभाऊ 23 वर्षांचे. दार किलकिले झाले ते 1970 नंतर, म्हणजे त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर. ज्या वयात कलावंताचे नाव घरोघरी जायचे, त्या वयात त्यांच्या वाद्याला रेडिओवर जागाच नव्हती. गायक तोच, पण स्टुडिओत सारंगी आणि मैफलीत पेटी, असा हा कारभार.

आक्षेप पोकळ नव्हता, हेही सांगायला हवे. रवींद्रनाथांनाही पेटी रुचत नसे. पट्टीचा सूर ठरलेला. दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही. दरबारीचा कोमल गंधार पट्टीपेक्षा खाली, आंदोलत असतो. तो सरळ दाबला तर रागाची वाट लागते. मग जाणता वादक काय करतो? तो सूर गवयावर सोपवतो. आपण आजूबाजूचे सूर धरतो, भाता हलका करतो, नुसता स्पर्श करून पुढे जातो. माझ्या मते बंदीवाल्यांनी वाद्य ऐकले, वादक ऐकला नाही.

माझा धंदा होमिओपॅथीचा. आमच्या मात्रेवर लोक हसतात, हसोत. पण साथीत मात्रा कमी पडल्याने मैफल बिघडलेली मी ऐकलेली नाही, जास्त झाल्याने पुष्कळदा. निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांच्या छात्या तपासताना कान श्वासावर ठेवायची सवय लागली. तीच मैफलीतही सुटत नाही. गवई समेवर येऊन दम घेतो, तेवढ्या क्षणभरात पेटीने सूर धरून ठेवायचा असतो. श्रोत्याला वाटते, गाणे थांबलेच नाही. भात्याला फुप्फुस म्हणायचा मोह मला होतो. फरक इतकाच, की हे फुप्फुस दुसऱ्यासाठी चालते.

म्हातारपणी मानसन्मान आले, पण शिकवणे चालू राहिले. त्यासाठी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवावे लागले नाही, याचे मला फार वाटते. 19 नोव्हेंबर 2010 रोजी, वयाच्या 93व्या वर्षी ते गेले. सुधांशु कुलकर्णी, रवींद्र काटोटी हे त्यांचे शिष्य आज पेटीचे एकल वादन करतात. गवई नाही, सारंगी नाही; डाव्या हाताची पेटी मंचाच्या मधोमध, आणि समोर बसलेले लोक रागाचे नाव एकमेकांना विचारत असतात.