पायाखालची यंत्रे आणि गळ्यातील शब्द

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. इ. स. १६०८ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाच्या भूमीत कीर्तनाची परंपरा जुनी आहे. कीर्तनकाराची परीक्षा एकच असते: मंडपातील अखेरच्या रांगेतील श्रोत्यास अभंगाचा शब्दन्‌शब्द ऐकू गेला पाहिजे. त्याच भागातील एखादा तरुण आज लाकडी गिटार घेऊन गावयास उभा राहिला, आणि त्याच्या पायाशी विजेच्या लहान पेट्यांची ओळ मांडलेली असली, तरी त्याची परीक्षा निराळी नाही. या पेट्यांना पेडल म्हणतात. पायाने कळ दाबली की गळ्याचा अथवा तारेचा नाद पालटतो.

नादास अशी जोड देणे ही केवळ पाश्चात्त्यांची नवलाई नव्हे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की जवारी खुलते व एका तारेतून अनेक स्वर झंकारतात. सारंगीच्या तरफा न छेडताच निनादतात. पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीसच तरफा बसवून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. तेथे जे काम लाकूड व तार करतात, तेच येथे वीज करते.

प्रथम घुमाऱ्याचा विचार करू. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो; म्हणून १७ मीटरांवरील भिंतीवरून तो सेकंदाच्या दहाव्या भागाने परत येतो. अमेरिकेत बिल पुटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या वादकांच्या ध्वनिमुद्रणासाठी चक्क स्नानगृहाचा घुमारा उपयोगात आणला. आजचे पेडल तेच काम गणिताने करते. परंतु पत्र्याच्या छपराचे मंगल कार्यालय मुळातच घुमत असते. तेथे आणखी घुमारा मिसळला, तर व्यंजने एकमेकांवर आदळतात आणि अभंगाचा अर्थ बुडतो. तेथे ती कळ बंदच बरी. उघड्या पटांगणात मात्र किंचित घुमारा गोड लागतो. प्रतिध्वनीचे पेडल लयीशी जुळवावे लागते: मिनिटास ८० मात्रांची लय असेल, तर प्रतिध्वनी पाऊण सेकंदाने यावा.

दुसरे संकट शिटीचे. गिटारीचे पोट नगाऱ्याप्रमाणे कर्ण्याच्या आवाजाने कंप पावते, तो कंप पुन्हा कर्ण्यात शिरतो आणि कर्कश शिटी उठते. गिटारीच्या तोंडावर रबराचे झाकण बसवावे, कर्णा वादकाच्या पुढे ठेवावा, आणि जो स्वर शिटी घालतो तेवढाच पेडलने उतरवावा.

खरी कसोटी मात्र जोडस्वरांच्या पेडलची. गायकाच्या एका आवाजातून ते दोन-तीन आवाज निर्माण करते. बहुधा गिटारीवरील स्वरसंगती ओळखून ते गायलेल्या स्वराच्या वरचा तिसरा स्वर निवडते. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. गायकाने गंधार लावला, तर यंत्र पंचम देईल, ते शोभेल. परंतु त्याने ऋषभ लावताच यंत्र मध्यम देईल, आणि पंचम लावताच निषाद. गायक निर्दोष गात असूनही राग मोडेल, आणि दोष मात्र त्याच्याच माथी येईल. ही निवड यंत्रावर सोपवून चालणार नाही. कळ केव्हा दाबावयाची नाही, हे कानानेच ठरविले पाहिजे.

यास्तव प्रयोगापूर्वी सर्व कळा बंद करून गावे. एखाद्या जाणत्याने अखेरच्या रांगेत बसून ऐकावे, आणि मग एकेक कळ उघडावी. जिने शब्द अस्पष्ट होईल ती तत्काळ मिटवावी. तंबोरा वाजत असता त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो थांबला म्हणजे मात्र साऱ्या मैफलीस उणीव भासते. पायाखालच्या पेटीने एवढे साधले, म्हणजे तिचे काम झाले.