संकेतस्थळ आणि अडलेला माणूस

संकेतस्थळाचा वापरानुभव आणि त्याचे दर्शनी रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहीतरी काम मनात धरून माणूस संकेतस्थळावर येतो. ते काम होते का, किती वेळात होते, मध्ये कुठे अडते, अडल्यावर पुढची वाट सापडते का आणि काम झाल्याची खात्री पटते का, या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे वापरानुभव. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अ‍ॅपल कंपनीत असताना ही संज्ञा रूढ केली. पडद्याची मांडणी हा त्यांच्या लेखी विषयाचा केवळ एक तुकडा होता. व्यवसायाला मात्र तुकड्यालाच विषय मानण्याची सवय लागली. नवे रंग येतात, मुखपृष्ठावर फिरते फलक आणि मान्यवरांची छायाचित्रे येतात, नूतनीकरण झाल्याचे परिपत्रक निघते. आणि अर्ज भरणारा पूर्वी जिथे अडत होता तिथेच अडतो.

सुधारणेला हात घालायचा तो या अडण्याच्या जागी, एवढेच जयपुरातल्या या परिषदेपुढे मांडायचे आहे. त्यासाठी उदाहरण शोधायला जयपूरची वेस ओलांडावी लागत नाही.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान सरकारचे 'जन सूचना पोर्टल' जयपुरात सुरू झाले. आरंभी त्यावर १३ खात्यांच्या २३ योजना व सेवांची माहिती होती. पुढे ती वाढत गेली. दिसायला हे संकेतस्थळ साधेच. त्याचे महत्त्व ते कुठून आले यात आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९० मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या खेड्यातून काम सुरू केले आणि १९९४ च्या अखेरीस जनसुनवाया भरवायला सुरुवात केली. गावाच्या चौकात हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचली जात. वाचता वाचता कुणीतरी उठून सांगे, की हा माणूस कामावर नव्हताच, किंवा हा तर केव्हाच वारला आहे. १९९६ मध्ये ब्यावर इथे चाळीस दिवस धरणे झाले, २००० मध्ये राजस्थानचा आणि २००५ मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा आला. राजसमंद जिल्ह्यातल्या विजयपुरा ग्रामपंचायतीने खर्चाचे तपशील भिंतींवर रंगवून घेतले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी माहिती कशी मांडावी, याचा असा सराव पोर्टलच्या आधी वीस-पंचवीस वर्षे चालू होता.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये या सरावाचे सार आहे. पोटकलम (२) म्हणते, की लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी इतकी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन द्यावी. पोटकलम (४) त्यापुढे जाऊन खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत यांचा विचार करायला सांगते. संकेतस्थळाच्या आराखड्यासाठी याहून नेमका निकष एखाद्या जाडजूड हस्तपुस्तिकेतही क्वचितच सापडेल. तरीही या व्यवसायात हे कलम फारसे कुणी वाचत नाही.

पोर्टलची बांधणी मात्र या कलमानुसार झाली. माहिती खात्यांच्या उतरंडीने न लावता प्रभाग आणि पंचायतीपर्यंत उतरवली गेली. आपल्या भागातले रेशन दुकान निवडले, की कोणत्या शिधापत्रिकेवर किती धान्य उचलले गेल्याची नोंद आहे ते दिसते. निवृत्तिवेतनधारकांची, रोजगार हमीवरच्या मजुरांची, सिलिकोसिसच्या रुग्णांची माहितीही अशीच. ती पाहायला खाते उघडावे लागत नाही की परवलीचा शब्द लागत नाही. तक्त्यात कोणते रकाने असावेत हे माहिती तंत्रज्ञान विभागाने एकट्याने ठरवले नाही. लोकसंघटनांबरोबर 'डिजिटल संवाद' या नावाने बैठका होत गेल्या आणि त्यांत रकान्यांवर चर्चा झाली. वापरानुभवाचा खरा आराखडा इथे ठरतो. 'एकूण वाटप' या रकान्याने अहवाल सजतो. 'माझ्या कार्डावर कुणी उचलले' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर वेगळा रकाना लागतो. आणि तो रकाना हवा हे दुकानदाराशी भांडून आलेल्या बाईलाच ठाऊक असते.

याच राज्याने एक उलटा धडाही दिला. २०१६ मध्ये राजस्थानात कित्येक वृद्धांचे निवृत्तिवेतन थांबले आणि त्यांच्यातले काही जण नोंदीत 'मृत' असल्याचे उघडकीस आले. माणसे हयात होती. काहींनी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून ते दाखवून दिले. या घोळात धोरणाचा, बँक खात्यांचा, आधार जोडणीचा भाग होताच. पण संगणकीय नोंद करणाऱ्यापुढची पर्यायांची यादीही तपासण्यासारखी असते. 'पडताळणी बाकी', 'घरी भेट झाली नाही' असे पर्यायच यादीत नसले, तर घाईतला कारकून हाताशी असेल ते कारण निवडून पुढे जातो. चूक झाली तर ती ज्याच्याबाबत झाली त्याला दिसली पाहिजे आणि दुरुस्तीचा मार्ग तिथेच असला पाहिजे. सार्वजनिक तक्त्याचा मोठा उपयोग हाच.

अर्ज-विनंत्यांच्या बाबतीत वापरणारा एकच असतो हे गृहीतक भारतात बहुधा चुकते. राजस्थानात ई-मित्र केंद्र, महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्र किंवा गल्लीतले सायबर कॅफे: खुर्चीत बसलेला एक आणि काउंटरपलीकडे उभी दुसरी. पडद्याचे तोंड पहिल्याकडे. त्याला दिवसातून तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरायचा असतो. त्याला वेग हवा, टॅबने रकान्यातून रकान्यात जाता यायला हवे, आधी भरलेला तपशील पुसला जाता कामा नये. दुसरीला पडद्याची पाठ दिसते. काय भरले गेले, कुणाचा मोबाइल क्रमांक लिहिला गेला, शुल्क किती, पुढे काय, हे तिला कळायचे साधन म्हणजे पावती आणि मोबाइलवरचा संदेश. तिच्यापुरते संकेतस्थळ म्हणजे घरी नेता येणारी ती पावती. असे असून अनेक ठिकाणी पावतीवर लांबलचक क्रमांक ठळक, कामाचे नाव संक्षिप्त इंग्रजीत आणि मुदतीची तारीख कुठेच नाही असा प्रकार दिसतो. पावतीची मांडणी करणारा बहुधा संघातला सर्वांत नवखा असतो, हेही इथे नमूद करायला हरकत नाही.

अर्जातल्या अडचणी सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. छायाचित्र अमुक केबीपेक्षा मोठे नको ही अट शेवटच्या पानावर, सगळे भरून झाल्यावर कळते. मग फोटो लहान करून देण्याचे वेगळे पैसे. मुदत संपली म्हणून सत्र बंद होते आणि सगळे पहिल्यापासून. 'अवैध नोंद' असा लाल शेरा येतो, पण कोणत्या रकान्यात काय चुकले ते सांगत नाही. आडनाव अनिवार्य असते. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही तीन पदे अंगवळणी पडलेली, पण राजस्थानातल्या खेड्यात आडनाव न लावणाऱ्या बायका कितीतरी. मग त्या रकान्यात टिंब टाकले जाते, आणि ते टिंब पुढे बँकेतल्या नावाशी जुळत नाही. सटवाईने कपाळी लिहिले ते खरे असेल-नसेल, अर्जाने लिहिलेले आडनाव मात्र जन्मभर पिच्छा पुरवते.

भाषेचा प्रश्न भाषांतरापाशी संपतो असा समज आहे. देवनागरीत तो तिथून सुरू होतो. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधली जागा वाढवली, की शिरोरेषा तुटते. मराठी पानाच्या संकेतावलीत भाषा मराठी आहे असे नोंदवलेच नाही, तर चांगला युनिकोड टंकही ल आणि श यांची मराठी वळणे न दाखवता हिंदीची दाखवतो, आणि पान वाचून दाखवणारा आवाजही हिंदीचा लागू शकतो. ही एका शब्दाची नोंद असते. कितीतरी पानांवर ती इंग्रजीचीच राहून गेलेली आढळते.

शोधाची एक खोच मराठीतली आहे. 'गोऱ्हे', 'कऱ्हाड', 'बऱ्हाणपूर' यांतला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकात स्वतंत्र नुक्तायुक्त ऱ वापरला जातो, दुसऱ्यात साध्या र पुढे हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यादीत नाव एका तऱ्हेने साठवलेले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टंकलेले असेल, तर संगणक 'नोंद आढळली नाही' असे सांगतो. गोऱ्हे बाई समोर बसलेल्या असतात, त्यांचे नाव यादीत असते, आणि तरीही त्या नसतात. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एक करून घेणे हे प्रोग्रामरचे तासाभराचे काम आहे. देवनागरी अंकांचेही तसेच. '२५' हा अंक नाकारून '25' मागणारा मराठी अर्ज मराठी म्हणता येत नाही.

या बाबतीत जयपूरचे नाव आवर्जून घ्यावे लागते. डेटा एक्सजेन टेक्नॉलॉजीज या इथल्या कंपनीने २०१६ मध्ये भारतीय भाषांतून ई-मेल पत्ता देणारी 'डेटामेल' सेवा आणली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना हिंदीतला, 'राजस्थान.भारत' या नावाचा पत्ता देऊ केला. देवनागरीतले '.भारत' हे क्षेत्रनाव २०१४ पासून उपलब्ध आहे आणि ते मराठी, कोकणीसाठीही चालते. पत्ता मिळाला खरा; तो स्वीकारणारे अर्ज मात्र अजून थोडे. बहुतेक ठिकाणी तपासणीचा नियम रोमन अक्षरांपुरताच लिहिलेला असतो, आणि देवनागरी पत्ता टाकला की 'कृपया वैध ई-मेल द्या' अशी सूचना येते.

वेगाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण मोजमाप ठरलेले आहे. दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. जेकब निल्सन यांनी या मर्यादा १९९३ मध्ये मांडल्या, त्या अजून लागू आहेत. गूगलचे आजचे निकष मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा असे सांगतात. मोजणी मात्र कार्यालयाच्या वाय-फायवर आणि महागड्या फोनवर केली जाते. ती बाडमेरच्या ढाणीत आणि गडचिरोलीच्या पाड्यावर, स्वस्त फोनवर व्हायला हवी.

सुगम्यतेला आता कायद्याची धार आली आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले गुणोत्तर निदान ४.५ ला १ असावे लागते. फिकट करड्या अक्षरांची फॅशन या एका अटीवर नापास होते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्या प्रकरणात आम्लहल्ल्यात डोळे आणि चेहरा भाजलेल्या व्यक्तींचे गाऱ्हाणे होते, की ओळख पटवण्यासाठी संगणक डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. ज्याने ती अट घातली त्याने कुणाचे वाईट चिंतले नव्हते. पापण्या मिटू न शकणारा माणूस त्याच्या चाचणीत आलाच नव्हता.

चाचणीला पाच माणसे बसवली तरी ठळक अडचणी बहुतेक उघड्या पडतात. प्रश्न संख्येचा नसून निवडीचा आहे. याचा जुना पुरावा याच शहरातल्या सवाई मानसिंग रुग्णालयात आहे. १९६० च्या दशकात तिथले शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले, की पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय दिलेले रुग्ण घरी गेल्यावर तो काढून ठेवतात आणि पुन्हा कुबड्या घेतात. त्या पायाला बूट लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासह त्यांनी रबर आणि लाकडाचा, अनवाणी चालता येईल असा पाय घडवला; तोच 'जयपूर फूट'. रुग्णालयात रुग्ण नीट चालून दाखवत होता, तेव्हा त्या जुन्या पायाची चाचणी उत्तीर्ण झालेलीच होती. संकेतस्थळाच्या चाचणीतही सभागृहातल्या प्रात्यक्षिकापेक्षा केंद्राच्या काउंटरवरचे निरीक्षण मोलाचे, आणि काम अर्धवट सोडून गेलेल्यांची नोंद सर्वांत मोलाची. कोणत्या पानावर किती जण थांबले आणि परतले हे सर्व्हरला माहीत असते. ते वाचायचे काम कुणाच्याच अंगावर नसते.

खासगी संकेतस्थळांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे: तिथे अडचण कधी कधी मुद्दाम ठेवलेली असते. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दूरध्वनी, टोपलीत न मागता आलेली वस्तू, 'फक्त दोन शिल्लक' अशी खोटी घाई. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारच्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. याला वापरानुभवाची चूक म्हणणे हा सौजन्याचा अतिरेक होईल.

राहता राहिला पैशाचा भाग. संकेतस्थळाच्या निविदेत पानांची संख्या, भाषांची संख्या, सुपूर्द करण्याची तारीख आणि देखभालीची वर्षे लिहिलेली असतात; देयकही त्यावरच निघते. किती अर्जदारांनी दुसऱ्याच्या मदतीशिवाय अर्ज पुरा केला, किती अर्ज त्रुटीमुळे परत गेले, पावतीवरून पुढची तारीख किती जणांना सांगता आली, ही कलमे निविदेत घालता येतात आणि देयकाचा एक हप्ता त्यांना जोडता येतो. तसे झाले तर ठेकेदार आपल्या खर्चाने माणूस पाठवून ई-मित्रच्या काउंटरपाशी उभा करील.