आवडीतून ओळख

वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा तांड्यांवर कितीतरी मुलं घरी गोरमाटी बोली बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. अशा मुलाला पहिल्याच दिवशी व्याकरण विचारलं, तर ते गप्पच बसणार. त्याऐवजी होळीची लेंगी गाणी, तीजेचा सण, कबड्डी, घरचे बैल यांबद्दल विचारा. बोलायला शब्द आपोआप सापडतात. शिक्षकानेही स्वतःची आवड सांगावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साने गुरुजींचंच पाहा. ते १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत, त्यांच्यातच राहत. भाषाशिक्षकांनो, या आठवड्यात प्रत्येक मुलाची एक आवड टिपून घ्या आणि पुढचा निबंध त्याच विषयावर लिहायला द्या.