दुधाचा दात आणि काळा डाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. एका गावाची कीर्ती कंदी पेढ्यांची, दुसऱ्याच्या बाजारात हळद आणि गूळ, आणि दोन्हीकडे उसाचे मळे. अशा गोड मुलखात दातांच्या किडीवर बोलायचे म्हणजे धाडसच! पण माझी सारी हयात लहान मुलांना शिकविण्यात गेली, म्हणून चिटणीसबाईंनी दिलेला हा विषय मी आनंदाने घेतला.

"दुधाचाच दात, पडायचाच आहे," असे आपण सहज म्हणतो. परंतु दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. सहाव्या वर्षी दाढ किडली, तर चार-पाच वर्षे त्या लेकराने एकाच बाजूने चावायचे काय?

दातात किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळविते. लवंगेचे तेल कळ बधिर करते, कीड थांबवीत नाही. मशेरी तर तंबाखूच; ती दात राखीत नाही, उलट तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. घरात मशेरीची डबी असेल तर ती आजच टाकावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग उपाय खरा की खोटा हे ओळखायचे कसे? शेजारणीला गुण आला एवढ्याने भागत नाही. सारख्या मुलांचे दोन गट करायचे, त्यांना दोन निरनिराळे उपचार द्यायचे आणि काही काळाने दोघांचे दात तपासायचे, ही खरी परीक्षा. न्यूयॉर्क शहरात प्राथमिक शाळांतील सुमारे तीन हजार मुलांवर अशी परीक्षा झाली. एका गटाच्या दाढांच्या खाचा भरून बंद केल्या. दुसऱ्या गटाच्या दातांना चांदी आणि फ्लोराइड असलेले एक द्रावण नुसते लावले. त्याचे नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. टोचणे नाही, कोरणे नाही. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच उपचारानंतर दोन वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत सुमारे 80 टक्के नवी कीड टळली होती आणि आधीची निम्मी कीड वाढायची थांबली होती. स्वस्त उपाय महागाच्या बरोबरीने उतरला!

हे औषध काल-परवाचे नाही. जपानात ते 1970 च्या सुमारास वापरात आले. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्यातील चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड दाताला कठीण करते.

पण उणी बाजूही सांगितली पाहिजे. किडलेला भाग कायमचा काळा पडतो. खड्डा भरून निघत नाही. औषध पुन्हा लावावे लागते. हिरडीला गळू आले असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर हा उपाय पुरत नाही. चांदी सोसत नसेल त्याला तो चालत नाही.

काळ्या डागापाशीच आपले पाऊल अडखळते. त्यातून मुलगी असली तर "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न आधी उभा राहतो. मी विचारते, किडीने दात काळा पडतोच ना? तो ठणकणारा काळेपणा बरा, की हा शांत झालेला? मागच्या दाढेचा डाग दिसतो तरी कोणाला? पुढच्या दाताचा प्रश्न असेल तर दंतवैद्यांना दुसरा मार्ग विचारा. निर्णय आईबापांचा, मात्र तो समजून घेतलेला असावा.

औषधापेक्षा रोजची सवय मोठी. गोड खायचे ते जेवणाबरोबर. दिवसभर चघळणे नको. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि घासून द्यायचे ते मोठ्यांनी.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांना तपासतात. त्यात दातही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शक्य तर स्वतः जा, प्रश्न विचारा. आपल्या मंडळाने या वर्षी अंगणवाडीत दंततपासणी ठेवावी, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेते.